आर्गिरोचे दोनशे त्र्याऐंशी भाऊ

आमच्या साहेबांना देशाचं सगळं कर्ज तोंडपाठ होतं. लंडनच्या पेढ्यांचं किती, पॅरिसच्या पेढ्यांचं किती, हप्ता कुठल्या महिन्यात, झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील. माझ्या मुलीचं नाव मात्र त्यांना वीस वर्षांत एकदाही आठवलं नाही. आणि गंमत म्हणजे ते नाव ठेवलं होतं त्यांनीच.

मी थिमिओस, पेत्रोतो गावचा. अरिस्तार्खोस वाल्सामिस यांचा जिल्ह्यातला माणूस म्हणून सव्वीस वर्षं राबलो. साहेब अथेन्समध्ये भाषणं करायचे आणि मी इथे त्यांची मतं सांभाळायचो. कुणाचा मुलगा पोलिसात चिकटवायचा, कुणाची बदली थांबवायची, कुणाचं बोकड सरकारी रानात सापडलं तर दंड माफ करून आणायचा, सगळं माझ्याच डोक्यावर. पण मतांचं खरं खत म्हणजे बाप्तिस्मा.

ज्याच्या पोराला तुम्ही बाप्तिस्म्याच्या पाण्यातून हातात झेललंत, तो तुमचा कुंबारोस झाला, सख्ख्या सोयऱ्याहून जवळचा. कुंबारोसच्या विरोधात मत टाकणारा आमच्या डोंगरात अजून जन्मायचाय. टाकलंच तर त्याची आईसुद्धा त्याला जेवायला वाढणार नाही. साहेब पहिल्यांदा उभे राहिले तेव्हा त्यांच्याकडे एक काळा कोट, वकिलीची सनद आणि खणखणीत आवाज, एवढंच होतं. मी म्हटलं, साहेब, भाषणं राहू द्या, पोरं झेला.

पहिल्या वर्षी त्यांनी नऊ झेलली. मग निवडून आले, अथेन्सला गेले आणि पोरांसाठी वेळ उरला नाही. तेव्हा ठरलं की त्यांच्या वतीने मी झेलायची. तेल मी लावायचो, ओलं रडणारं पोर पांढऱ्या कापडात मी घ्यायचो, आणि देवळाच्या वहीत नाव लिहायचो वाल्सामिसांचं. पोराच्या बापालाही तेच हवं असायचं. थिमिओसचा कुंबारोस होऊन काय मिळणार, कपाळ? मंत्र्याचा कुंबारोस म्हटलं की माणूस कॉफीच्या दुकानात मधली खुर्ची ओढून बसतो.

हो, मंत्री. साहेब तोवर तीनदा अर्थमंत्री झाले होते. एकदा तीन वर्षं, एकदा सात महिने आणि एकदा अकरा दिवस. त्या अकरा दिवसांत त्यांनी नवा गणवेश शिवायला टाकला, तो सरकार पडल्यावर शिवून आला. दर खेपेला खजिन्यात खडखडाट आणि दर खेपेला नवा कर. नांगराच्या बैलांवर झाला, आगकाड्यांवर झाला, रॉकेलवर झाला, पत्त्यांच्या जोडावरसुद्धा झाला. कर लागला की डोंगरात बोंब उठायची आणि मला पत्र यायचं, ‘थिमिओस, वातावरण सांभाळ.’ वातावरण सांभाळायचं म्हणजे आणखी पोरं झेलायची. बैलांच्या करापायी मी एका उन्हाळ्यात एकतीस झेलली. खांदे भरून आले, पण कौतुकाचा एक शब्द नाही.

या धंद्यात एकच नियम होता. एका धर्मबापाने झेललेली मुलं म्हणजे बहीण-भाऊ, त्यांचं आपसात लग्न होत नाही. चर्च लावत नाही, आणि लोक तर नुसतं ऐकून थुंकतात. म्हणून ज्याला जिल्हाभर पोरं झेलायचीत त्याने एक तर मुलगेच झेलावेत किंवा मुलीच. नाही तर वीस वर्षांनी सगळ्या जिल्ह्याची लग्नं अडायची. आम्ही मुलगे धरले, कारण मुलगे मोठे होऊन मत देतात. दोनशे त्र्याऐंशी मुलगे झाले आणि मुलगी एकच. ती माझी.

ती जन्मली तेव्हा साहेब प्रचाराला गावात होते. माझ्या घरी जेवले, कोकराची अख्खी मांडी संपवली, माझीच वाइन पिऊन त्यांचा गळा भरून आला आणि म्हणाले, हिला मी स्वतः झेलणार. साहेब, स्वतःच्या हाताने. मला काय सुचतंय? नियम बांधणारा मीच, आणि छाती फुगवून त्यांच्या पुढे देवळात चालत गेलो. मुलीचं नाव बायकोच्या आईवरून वासिलिकी ठेवायचं ठरलं होतं. पाण्यापाशी पाद्र्यांनी नाव विचारलं आणि साहेब म्हणाले, आर्गिरो. का, ते त्यांनाच ठाऊक. माझी बायको दियामांतो रिवाजाप्रमाणे घरी थांबलेली. शेजारणीने धावत जाऊन नाव सांगितलं तर ती म्हणाली, ‘कोण आर्गिरो?’ तिचा तो राग अजून गेलेला नाही.

मुलगी सतरा वर्षांची झाली आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्या पक्षाच्या घरांतला लग्नाचा प्रत्येक मुलगा तिचा भाऊ होता. दुसऱ्या पक्षाचे लोक माझ्या घरची मुलगी कशाला करतील? त्यांच्या दारावरून गेलो तरी ते कुत्रं सोडतात. दियामांतो एकेक स्थळ काढायची आणि मी मान हलवायचो. शेवटी एकदा तिने हातातला डाव आपटला.

“अहो, जिल्ह्यात एखादा पुरुष शिल्लक ठेवलाय का, की सगळेच तुमच्या साहेबांच्या पाण्यात बुडवलेत?”

उठून बाहेर गेलो.

आर्गिरो मात्र आमच्या यादीसाठी थांबली नव्हती. तिचं मन लाम्ब्रोसवर बसलं होतं. लाम्ब्रोस म्हणजे विधवेचा मुलगा, काळ्या मनुका भरायची पिंपं करणारा. बोलायला कमी, हाताला पक्का. मुलगा सोन्यासारखा, फक्त त्या वहीत बाविसावा. त्याचा बाप्तिस्मा मला लख्ख आठवत होता. पाण्यातून काढताना पोराने माझं मनगट असं पकडलं होतं की पाद्र्यांना एकेक बोट सोडवावं लागलं.

तेच पाद्री, पापा झिसिस, आता म्हातारे झालेत. त्यांच्याकडे गेलो तर त्यांनी मला बाकावर बसवलं आणि लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. वही म्हणते की दोघांनाही वाल्सामिसांनी झेललं, म्हणजे ही बहीण-भाऊ. खरं बोलायचं तर लाम्ब्रोसला झेललं मी. मग मी त्याचा धर्मबाप, आणि आर्गिरो माझ्या पोटची. तरीही बहीण-भाऊच, आणि हे नातं चर्च पहिल्याहून घट्ट धरतं.

“खोट्याने अडतंय, थिमिओस, आणि खरं सांगितलंस तर कायमचं अडेल,” ते म्हणाले. “तेव्हा तोंड शिवून बस. वहीतल्या नात्याला बिशप कधी कधी सूट देतात. तुझ्या मंत्र्याला दोन ओळींचा अर्ज करायला सांग. फक्त सूट मागायची, बाकी चकार शब्द नाही.”

दोन ओळी. त्या दोन ओळींसाठी मी एका वर्षात अथेन्सला तीनदा गेलो. सव्वीस वर्षांत स्वतःसाठी मागितलेलं हे पहिलं काम. पहिल्या खेपेला अंदाजपत्रक होतं, साहेबांनी जिन्यातच पाठ थोपटली आणि पुढच्या महिन्यात ये म्हणाले. दुसऱ्या खेपेला कर्जासाठी फ्रेंच लोक येऊन बसले होते; मी चार दिवस मंत्रालयाच्या बाकावर बसून घरचं चीज आणि पाव खाल्ला आणि परत आलो. तिसऱ्या खेपेला पोचलो तर त्याच सकाळी सरकार पडलेलं. साहेब घरी सदऱ्यावर बसले होते. म्हणाले, अरे, आता माझ्या शब्दाला कोण विचारतो, पुन्हा खुर्ची मिळू दे. खुर्ची असताना वेळ नाही आणि वेळ असताना खुर्ची नाही, असा हा माणूस. आणि तिन्ही खेपेला निरोप घेताना एकच प्रश्न, तुझ्या मुलीचं नाव काय म्हणालास?

मला कोपराला गूळ लावायची सवय होती. मीच लोकांना सव्वीस वर्षं लावत आलो होतो. आपल्या कोपराला लागल्यावर कळतं.

तशात लाम्ब्रोसच्या मामाचं अलेक्झांड्रियाहून पत्र आलं. तिकडे पिंपांचं काम भरपूर आहे, आईला घेऊन ये. लाम्ब्रोस माझ्याकडे येऊन उभा राहिला, टोपी हातात फिरवत. म्हणाला, यंदाच्या मनुका बोटीवर चढेपर्यंत थांबतो, त्यापुढे आईला ताटकळत ठेवता येणार नाही. तो गेल्यावर आर्गिरो माझ्यासमोर बसली. मला वाटलं रडेल, पण ती रडली नाही.

“बाबा, तुम्ही लोकांच्या मुलांना नोकऱ्या लावल्यात, लोकांची बोकडं सोडवलीत. माझं हे एकच काम आहे. तुमच्याच्याने होणार नसेल तर तसं सांगा, मी आशा सोडते.”

होईल म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

उन्हाळ्याअखेरीस निवडणूक लागली आणि साहेब गावात आले. मनुका अंगणात वाळत पडल्या होत्या, गावभर गोड वास होता. त्याच टेबलावर जेवले, तीच वाइन प्यायले. जेवण झाल्यावर मी दौत आणि कागद त्यांच्यासमोर ठेवला. म्हटलं, आधी बिशपना पत्र, मग मतांचं बोलू. जन्मात पहिल्यांदा त्यांच्याशी असा बोललो. ते हसले. फक्त सूट मागा, असं मी तीनदा सांगितलं. त्यांनी लेखणी बुडवली आणि माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं.

“मंत्री सूट मागत नसतो, थिमिओस. अडसरच काढून टाकतो.”

मला वाटलं, नेहमीची मोठी गोष्ट. त्यांनी पानभर लिहिलं, माझ्यासमोरच लाख लावून मोहर उठवली आणि आपल्या स्वाराच्या हातात दिलं. काम झालं समज, म्हणाले. मी त्यांचा हात हातात धरला. डोळ्यांत पाणी आलं होतं माझ्या, हे कबूल करायला आता लाज वाटते.

पाचव्या दिवशी बिशपचं बोलावणं आलं. मी आणि पापा झिसिस खेचरं घेऊन गेलो. बिशपनी कारकुनाला पत्र वाचायला सांगितलं. साहेबांची भाषा काय वर्णावी, अंदाजपत्रकासारखी स्वच्छ. सदर मुलास मी झेललेले नाही. त्या दिवशी मी अथेन्स येथे सभागृहात होतो. माझ्या वतीने माझा माणूस थिमिओस याने मुलास झेलले. सबब माझ्या धर्मकन्येशी त्याचे कोणतेही नाते पोचत नाही, व अडसर आपोआप दूर होतो.

पापा झिसिस यांनी डोळे मिटून घेतले. बिशप माझ्याकडे पाहत होते.

“आणि मुलगी कुणाची?”

“माझी,” मी म्हटलं.

साहेबांना नियमाचा पहिला अर्धा भागच ठाऊक होता. दुसरा अर्धा कळायला पोरं स्वतः झेलावी लागतात, देवळातल्या गार फरशीवर दोनशे वेळा उभं राहावं लागतं. सव्वीस वर्षं माणूस माझ्याशी खोटं बोलला, कागदांवर खोटं बोलला, सभागृहात उभं राहून खजिना भरलाय म्हणून खोटं बोलला. आणि खरं बोलायला त्याला हीच एक जागा सापडली. बिशप सौम्यपणे म्हणाले की आता मंत्र्याच्या मोहरेचं पत्र दप्तरी लागलंय, याला सूट ते देऊ शकत नाहीत आणि इथे दुसरंही कुणी देणार नाही. मी खेचराला शिव्या देत घरी आलो. त्या बिचाऱ्याचा काय दोष?

पुढच्या रविवारी मतदान. आमच्याकडे ते देवळातच होतं. प्रत्येक उमेदवाराची एक पेटी, अर्धी पांढरी, अर्धी काळी, पुढे एक नळकांडं. मतदाराने शिशाची गोळी मुठीत घेऊन नळकांड्यात कोपरापर्यंत हात घालायचा आणि आतल्या आत सोडायची. उजवीकडे पांढऱ्यात पडली तर हो, डावीकडे काळ्यात पडली तर नाही. हात कुठे वळला ते बाहेर दिसत नाही. पेटीमागे उमेदवाराचा माणूस उभा राहून येणाऱ्या प्रत्येकाला उमेदवाराचं नाव मोठ्याने ऐकवतो. साहेबांच्या पेटीमागे सव्वीस वर्षं मीच होतो, त्या दिवशीही मीच. माझ्या हातून पाण्यातून निघालेले दांडगे बाप्ये एकेक करून येत होते, माझ्याकडे पाहून डोळे मिचकावत होते, आणि मी ओरडत होतो, अरिस्तार्खोस वाल्सामिस, अरिस्तार्खोस वाल्सामिस. लाम्ब्रोस आला तेव्हा माझा आवाज बसला.

सगळे संपल्यावर मी माझी गोळी घेतली. हात कोपरापर्यंत घातला आणि डावीकडे सोडली.

साहेब अकराशे मतांनी निवडून आले आणि चौथ्यांदा अर्थमंत्री झाले. माझ्या गोळीने त्यांच्या मिशीचा केससुद्धा हलला नाही. पंधरा दिवसांनी अथेन्सहून एक पेटी आली. आत लग्नात नवरा-नवरीच्या डोक्यावर ठेवायचे दोन मुकुट, मेणाच्या पांढऱ्या फुलांचे, रेशमी फितीने एकमेकांना जोडलेले, आणि चिठ्ठी. ‘धर्मकन्या मारिगो हिच्या विवाहास आशीर्वाद. अडसर दूर करता आला, याचे समाधान वाटते.’

दियामांतोने चिठ्ठी चुलीत घातली. मुकुटही घालणार होती, पण आर्गिरोने पेटी तिच्या हातातून घेतली.

“राहू दे, आई. मुकुट चांगले आहेत. तिकडे लागतील.”

तिकडे म्हणजे कुठे, ते विचारावं लागलं नाही. अलेक्झांड्रियात आपली देवळं आहेत, आपले पाद्री आहेत, आणि तिथले बिशप वेगळे. फक्त गावच्या पाद्र्यांचा दाखला लागतो, मुलगी कुणाची, झेललं कुणी, लग्न झालेलं नाही ना. पण आमचा अर्धा जिल्हा तिकडे दुकानं टाकून बसलाय, आणि लाम्ब्रोसला थिमिओसने झेललं ही गोष्ट तोवर मनुकांच्या पिंपांबरोबर तिकडे पोचली होती. दाखल्यावर थिमिओसची मुलगी असं आलं की कुणीतरी देवळात उठून उभा राहणारच. आर्गिरोचा चेहरा मात्र गावाबाहेर कुणाला ठाऊक नव्हता.

मी पापा झिसिसांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकलं, मोहर काढली आणि कोरा कागद माझ्याकडे सरकवला.

“माझा चष्मा फुटलाय,” ते म्हणाले. “तू लिही, मी सही करतो.” चष्मा त्यांच्या नाकावर होता.

मी लिहायला बसलो. नाव, आर्गिरो. झेललं कुणी, तर गावची सुईण, देवाघरी गेली, तिला कोण विचारणार. मग बापाचं नाव. माझा भाऊ आनेस्तिस खलाशी होता, सीरोस बेटाकडे राहायचा, बारा वर्षांपूर्वी बुडाला. त्याला मुलंबाळं होती की नव्हती हे कुणाला ठाऊक नाही. दोनशे चौऱ्याहत्तर वेळा मी माझ्या हातांच्या जागी दुसऱ्याचं नाव लिहिलं होतं आणि कधी काही वाटलं नव्हतं. रोजचं काम, वाळू टाकून शाई सुकवायची की झालं. या वेळी हात चालेना. पापा झिसिस खिडकीबाहेर बघत बसले. शेवटी लिहिलं, कै. आनेस्तिस यांची मुलगी.

घरी दियामांतोला दाखवलं. तिला वाचता येत नाही. मी वाचून दाखवलं. तिने विचारलं, आईचं नाव लिहीत नाहीत का त्यावर? नाही म्हटलं. बरं झालं, म्हणाली, आणि ओट्यावरची भांडी पुन्हा घासायला लागली. पात्रासच्या बंदरावर पोचवायला ती आली नाही. माझं तोंड बंद राहणार नाही, म्हणाली.

धक्क्यावर सगळीकडे पिंपं आणि आमच्याच भागातली माणसं. निम्म्यांना मी ओळखत होतो, दोघांना तर झेललंही होतं. अलेक्झांड्रियाला जाणारी तीन कुटुंबं आमच्या शेजारीच गाठोडी घेऊन उभी होती, कान इकडे लावून. लाम्ब्रोसच्या आईने डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाने डोळे पुसले. लाम्ब्रोसने हात मिळवायला हात पुढे केला, पण धरलं माझं मनगट, आणि बराच वेळ सोडलं नाही. मुकुटांची पेटी आर्गिरोच्या काखेत होती. तिला मी वाटेत सगळं पढवलं होतं, कुणी काय विचारलं तर काय सांगायचं, कसं सांगायचं. हुशार मुलगी, एकदा सांगितलं की पुरे. ती वाकली, माझ्या हाताचं चुंबन घेतलं आणि शेजारच्यांना नीट ऐकू जाईल अशा आवाजात बोलली.

“येते, काका. बाबा असते तर तेच आले असते पोचवायला.”

“हो, पोरी,” मी म्हटलं. “आला असता.”